पंपरूममधलं ई-सिम आणि माघारी फिरणारा कोड

रीडेव्हलपमेंटला इमारत गेली की तिच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवरही जातो. मुंबईत हे आता इतकं नेहमीचं झालंय की कोणी त्याची वेगळी दखलही घेत नाही. गल्लीतले लोक थोडे दिवस रेंजच्या नावाने कुरकुर करतात. मग कोणी नंबर पोर्ट करून घेतं, कोणी खिडकीत उभं राहून बोलायची सवय लावून घेतं. पण त्याच गल्लीतल्या एखाद्या सोसायटीच्या तळघरात, पंपरूमच्या भिंतीला एक करड्या रंगाचं खोकं लावलेलं असतं. त्याला खिडकीत जाता येत नाही. त्याचं सिम काढता येणारं कार्ड नाही, ते ई-सिम आहे, सर्किट बोर्डावर सोल्डर केलेलं, आणि ज्या कंपनीचं ते सिम, तिचा टॉवर तर नुकताच ढिगाऱ्यात गेलेला असतो.

अशा खोक्यांचं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या आत कायम चालणारं सॉफ्टवेअर, मी लिहिते. टाकीत पाणी किती आहे, पंप चालू आहे की बंद, मोटर किती करंट ओढतेय, एवढंच ते खोकं सांगतं. अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला, असा माझा रोजचा रस्ता. सध्या माझं बहुतेक काम एकाच गोष्टीभोवती फिरतंय: खोक्यातलं सिम प्रोफाइल, म्हणजे सिममधली मोबाइल कंपनीची ओळख, लांबून बदलणारं, खोक्यातच चालणारं सॉफ्टवेअर. नवीन आलेली मुलं या कामात प्रोफाइल डाउनलोड कसं करायचं यावर सगळी ताकद लावतात. मला वाटतं खरी ताकद लागते ती बदल फसल्यावर जुन्या प्रोफाइलवर परत येण्याला. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी खोक्यात काय आहे ते सांगते. सहा मिलिमीटर बाय पाच मिलिमीटरची एक चिप. तिला ईयूआयसीसी म्हणतात आणि तिचा स्वतःचा ३२ आकडी ओळख क्रमांक असतो, ८९ ने सुरू होणारा. मोबाइल कंपनीने दिलेली ओळख, म्हणजे ग्राहक क्रमांक, गुप्त किल्ली, सिमचा नंबर, हे सगळं एका प्रोफाइलमध्ये बांधलेलं असतं. चिपमध्ये अशी दोन-तीन प्रोफाइलं सहज मावतात, पण आमच्या चिपमध्ये एका वेळी चालू एकच. कारखान्यातून खोकं बाहेर पडताना त्यात एक सुरुवातीचं प्रोफाइल असतं, त्याला बूटस्ट्रॅप म्हणतात. त्याच्या जोरावर खोकं पहिल्यांदा नेटवर्कवर येतं आणि मग पुढचं प्रोफाइल आणतं.

फोनमध्ये हे सोपं वाटतं, कारण तिथे माणूस असतो. क्यूआर कोड स्कॅन केला, 'होय' दाबलं, झालं. पंपरूममध्ये स्क्रीन नाही आणि दाबणारा अंगठाही नाही. यंत्रांसाठी आधी जी पद्धत होती, मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेची, म्हणजे जीएसएमएची एसजीपी.०२, तिच्यात सर्व्हर एसएमएस पाठवून चिपला जागं करायचा आणि प्रोफाइल वरून ढकलायचा. एसएमएस पोचला नाही तर सगळं तिथेच अडकायचं. शिवाय एका कंपनीच्या प्रोफाइलवरून दुसरीच्या प्रोफाइलवर जायचं तर दोन्हीकडच्या सर्व्हरांची आपसात जुळणी करून घ्यावी लागायची. ती करून घेण्याएवढं वजन आमच्यासारख्या छोट्या कंपनीकडे कुठून असणार? २०२३ मध्ये जीएसएमएने एसजीपी.३२ प्रसिद्ध केलं, तेव्हा आमच्यासाठी पहिल्यांदा दार उघडलं.

त्यात दोन नवी पात्रं आली. एक ईआयएम, म्हणजे दुरून आदेश देणारा सर्व्हर: हे प्रोफाइल आण, ते चालू कर, ते बंद कर, ते काढून टाक. दुसरं आयपीए, म्हणजे खोक्यात बसून ते आदेश चिपपर्यंत नेणारं सॉफ्टवेअर. आयपीए मला पोस्टमनसारखं वाटतं. पाकीट त्याच्या हातात असतं, पण ते फोडायचा अधिकार त्याला नाही. प्रोफाइल त्या एका चिपसाठीच कुलूपबंद होऊन येतं, किल्ल्या चिप आणि प्रोफाइलचा सर्व्हर यांच्यातच ठरतात. ईआयएमचा आदेशही सहीनिशी येतो आणि त्यात चढता क्रमांक असतो, त्यामुळे कोणी जुना आदेश पकडून पुन्हा पाठवला तर चिप तो नाकारते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या फर्मवेअरमध्ये उद्या भोक सापडलं तरी त्यातून कोणाला बनावट प्रोफाइल घुसवता येणार नाही.

आयपीए चिपच्या आत असू शकतं किंवा बाहेर, खोक्याच्या प्रोसेसरवर. आम्ही बाहेरचं निवडलं. चिपच्या आतलं तयार मिळतं, आपलं काम कमी होतं, हे खरं. पण मग किती वेळ थांबायचं आणि कशाला यश म्हणायचं हे बहुतेक वेळा चिप बनवणारा ठरवतो, आणि तेच तर मला स्वतःच्या हातात हवं होतं.

डाउनलोडबद्दल फार लिहीत नाही. ते कष्टाचं आहे, पण सरळ आहे. प्रोफाइल काही डझन किलोबाइटचं असतं. मोडेममार्फत, म्हणजे खोक्याला मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या भागातून, चिपशी एक चॅनेल उघडायचं आणि २५५ बाइटपर्यंतचे तुकडे एकामागून एक सारायचे. प्रत्येक तुकड्यावर चिप दोन बाइटचं उत्तर देते. ९००० आलं, म्हणजे 'ठीक', की पुढचा तुकडा. मधेच नेटवर्क गेलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. खोक्याची मेमरी कमी असेल तर ईआयएमच प्रोफाइलच्या सर्व्हरशी बोलतो आणि खोक्याला फक्त ईआयएमशी बोलावं लागतं, अशीही सोय आहे. आम्ही तीच वापरतो. डाउनलोड फसलं तर काही बिघडत नाही, कारण जुनं प्रोफाइल चालूच असतं. पुन्हा प्रयत्न करता येतो.

खरा धोका प्रोफाइल चालू करण्याच्या क्षणी आहे. तो आदेश चिपने पाळला की जुनं प्रोफाइल बंद होतं, आणि ज्या दोरीला धरून खोकं आपल्याशी बोलत होतं तीच दोरी सुटते. नवी दोरी हाताला लागली तर ठीक. नाही लागली तर ऑफिसातून काहीही करता येत नाही. डॅशबोर्डवर नुसता एक लाल ठिपका दिसतो आणि मग कोणाला तरी शिडी, टॉर्च आणि लॅपटॉप घेऊन खाली उतरावं लागतं. आमच्याकडे हे काम फील्डवरचे काका करतात. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे दुखतात. जुलैमध्ये परळ-लालबागच्या पंपरूममध्ये घोट्याएवढं पाणी असतं आणि त्याच खोलीत मोटरचा स्टार्टर असतो. अशा जागी माणूस पाठवावा लागू नये, एवढ्यासाठी तरी हे सॉफ्टवेअर नीट लिहिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एसजीपी.३२ मध्ये यासाठी रोलबॅकची, म्हणजे माघारी फिरण्याची, तरतूद आहे. ईआयएम आदेश देतानाच सांगू शकतो, की नवं प्रोफाइल चाललं नाही तर जुन्यावर परत फिरायची परवानगी आहे. नवं प्रोफाइल चालू झाल्यावर आयपीएने त्याच नव्या नेटवर्कवरून निकाल ईआयएमला कळवायचा. ते जमलं नाही तर आयपीए चिपला सांगतं, मागे फीर. चिप जुनं प्रोफाइल पुन्हा चालू करते, आणि काय घडलं ते जुन्या वाटेने ईआयएमला कळतं. वाचायला हे चार ओळींचं आहे. पण 'जमलं नाही' हे नेमकं कधी म्हणायचं? ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि आमचं सगळं डोकं तिथेच खर्ची पडलं.

लालबागच्या एका सोसायटीत केलेली चाचणी सांगते, म्हणजे कळेल. आदेश गेला, चिपने उत्तर दिलं, पण शेवटी ९००० नव्हतं, ९१ ने सुरू होणारं उत्तर होतं. याचा अर्थ चिपला मोडेमला काहीतरी सांगायचंय. इथे ती सांगत होती, "रिफ्रेश कर, माझी ओळख बदललीय." आम्ही तपासलेल्या एका मोडेमला हे ऐकूच येत नव्हतं. तो जुनीच ओळख घेऊन टॉवरचं दार ठोठावत बसायचा. म्हणून आता मोडेमने ऐकलं की नाही याची वाट न पाहता आम्ही रेडिओ बंद करून पुन्हा चालू करतो. त्या दिवशी तसं केल्यावर नोंदणी झाली. लॅपटॉपवर ०,१ उमटलं, म्हणजे टॉवरने घरात घेतलं. बरोबर आलेल्या मुलाने टाळी वाजवली. पण डेटा काही जाईना. नव्या कंपनीचा एपीएन, म्हणजे डेटासाठी मोडेमला द्यावं लागणारं नेटवर्कचं नाव, वेगळा होता आणि मोडेममध्ये जुनाच भरलेला होता.

म्हणजे टॉवरवर नोंदणी झाली म्हणून काम झालं असं होत नाही. एपीएन बरोबर असून आयपी पत्ता मिळाला तरी पुढे कुठेतरी वाट अडलेली असू शकते. ईआयएमपर्यंत निरोप पोचला, तरी आमच्या स्वतःच्या सर्व्हरवर टाकीची पातळी पोचतेय का, हा प्रश्न उरतोच. ज्याच्यासाठी हे खोकं भिंतीला लावलंय ते काम तर तेच आहे. म्हणून आम्ही असं ठरवलं: नव्या प्रोफाइलवरून आधी पाण्याच्या पातळीचा एक खरा आकडा आमच्या सर्व्हरला जायला हवा, त्याची पोच परत यायला हवी, आणि त्यानंतरच आयपीएने ईआयएमला 'झालं' असं कळवायचं. त्याआधीची कुठलीही पायरी म्हणजे यश नव्हे. आणि एपीएन प्रोफाइलच्या आधी खोक्यात जाऊन बसलेला असायला हवा. सिमच्या नंबरात ८९९१ नंतरच्या आकड्यांवरून कंपनी ओळखता येते, त्यावरून खोकं आपल्या तक्त्यातला एपीएन उचलतं. तक्त्यात ती कंपनी नसेल तर ते प्रोफाइल चालूच करत नाही, 'मला एपीएन माहीत नाही' असं कळवून थांबतं.

किती वेळ थांबायचं यावर ऑफिसात बरीच वादावादी झाली. तीन मिनिटं पुरेत असं एक मत होतं, कारण टेबलावर मोडेम वीस सेकंदांत जोडला जातो. पण टेबल खिडकीजवळ असतं. तळघरात, लोखंडी दारामागे, नव्या प्रोफाइलने पहिल्यांदाच नेटवर्क शोधायला निघालेला मोडेम सगळे बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, चाळत बसतो आणि त्यातच काही मिनिटं जातात. तीन मिनिटांत मागे फिरलात तर चांगलं प्रोफाइलही नापास ठरतं. आम्ही पंधरा मिनिटं ठेवली. एक अपवाद केला: टॉवरने नोंदणी सरळ नाकारली, तीही पुन्हा पुन्हा, तर पंधरा मिनिटं कुढत बसायचं नाही, लगेच माघारी फिरायचं.

याच सोसायटीत पंप चालवणारे एक मामा आहेत. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते. ते बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "ताई, एवढं करण्यापेक्षा माझ्या मोबाइलमधलं कार्ड टाका की त्यात. मला इथं खाली पण रेंज येते. वरच्या साहेबांचे फोन मात्र जिना उतरले की बंद."

मी म्हटलं, "मामा, यातलं कार्ड निघत नाही. पण तुमचं कुठल्या कंपनीचं आहे?"

त्यांनी सांगितलं. आमच्या यादीत त्या कंपनीचं प्रोफाइल दुसऱ्या क्रमांकावर होतं, पहिल्यावर जी होती तिचा सिग्नल त्या खोलीत नावापुरताच होता. हा क्रम कोणी लावला होता? महिन्याचा दर बघून, ऑफिसात बसून. तेव्हापासून खोकं बसवायच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना घालून घेतला: पंपरूममध्ये रोज बसणाऱ्या माणसाच्या फोनला कुठल्या कंपनीची रेंज येते. हा रकाना फील्डवरचे काका न चुकता भरतात आणि त्याचा आम्हाला कुठल्याही कव्हरेज नकाशापेक्षा जास्त उपयोग होतो. नकाशा रस्त्याची रेंज सांगतो. जिन्याखालचं त्याला काय ठाऊक!

खोक्यालाही आम्ही आता स्वतः बघायला शिकवलंय. बदल करण्याआधी मोडेम एकदा आसपासची सगळी नेटवर्कं मोजतो. उत्तरात ४०४ किंवा ४०५ ने सुरू होणारे क्रमांक येतात, ते भारतातले देश-कोड. ज्यांच्यावर आपल्याला मनाई आहे तीही त्या यादीत दिसतात. नुसतं दिसलं म्हणजे डेटा चालेलच असं नाही, पण जे नेटवर्क त्या खोलीतून दिसतच नाही त्याचं प्रोफाइल पाठवण्यात अर्थ नाही, एवढं तरी कळतं. या मोजणीला काही मिनिटं लागतात आणि तोवर डेटा बंद असतो. त्यामुळे वेळ जपून निवडावी लागते. पालिकेचं पाणी प्रत्येक भागात आपापल्या ठरलेल्या वेळी येतं. त्या वेळेत खालची टाकी भरते, पंप चालतो, सोसायटीतल्या सगळ्यांचं लक्ष तिकडे असतं. त्या वेळात खोक्याने गप्प बसून चालणार नाही. मोजणी आणि बदल, दोन्ही पाण्याच्या वेळा सोडूनच.

एकाच वेळी सगळी खोकी बदलायची, असाही आग्रह झाला होता. डॅशबोर्डवर एक बटण आणि संध्याकाळपर्यंत सगळं नव्या कंपनीवर, असं कागदावर छान दिसतं. मी ठाम नाही म्हटलं. एका वॉर्डातली मोजकी खोकी आधी, ती आठवडाभर नीट चालली की पुढची. आणि आदेश आला म्हणजे खोक्याने तो पाळलाच पाहिजे असंही नाही. टाकीची पातळी धोक्याच्या खाली असेल किंवा पंप चालू असेल तर खोकं 'नंतर करतो' असं कळवू शकलं पाहिजे. त्या खोलीत काय चाललंय हे त्या क्षणी फक्त त्यालाच माहीत असतं.

वीज जाणं हा वेगळाच विषय. पंपरूमचा मेन स्विच कोणीही, केव्हाही पाडतं: वायरमन येतो, मोटर दुरुस्तीला जाते, रात्री ठिणगी दिसली म्हणून वॉचमन बंद करतो. प्रोफाइल बदलता बदलता वीज गेली तर? म्हणून चालू करण्याचा आदेश चिपला देण्याआधी खोकं वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या फ्लॅश मेमरीत खूण लिहून ठेवतं: बदल सुरू केलाय, आधीचं प्रोफाइल हे, नवं ते, इतकी मिनिटं उरलीत. पुन्हा जाग आली की सगळ्यात आधी ती खूण वाचायची आणि घड्याळ तिथून पुढे चालवायचं. हे तपासायला लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक साधा रिले बोर्ड, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, आम्ही खोक्याच्या पुरवठ्यावर लावलाय. तो रात्रभर, कुठल्याही वेळी, अगदी तुकडे चिपमध्ये जात असतानाही वीज तोडतो. सकाळी लॉग वाचायचा आणि प्रत्येक वेळी खोकं शेवटी कुठल्या ना कुठल्या चालत्या प्रोफाइलवर आलं का, एवढंच बघायचं. नव्या मुलांना मी पहिलं काम हेच देते.

नियमांचं थोडक्यात. आपल्याकडे यंत्रांच्या सिमना १३ आकडी नंबर असतात, त्यामुळे कुठे नंबर साठवत असाल तर दहाच आकड्यांची जागा ठेवू नका. मार्च २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने यंत्रांमधल्या एम्बेडेड सिमबद्दल सरकारला शिफारशी दिल्या. परदेशी प्रोफाइल घेऊन रोमिंगवर चालणाऱ्या आयात उपकरणांना सहा महिन्यांत भारतीय कंपनीच्या प्रोफाइलवर आणावं, असं त्यात म्हटलंय. बाहेरून मोडेमसकट तयार खोकं मागवून इथे विकणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. नंतर लांबून बदलण्याची सोय त्या खोक्यात असेलच असं नाही. विक्रेत्याला 'ई-सिम आहे का' एवढंच विचारू नका. आयपीए कुठे आहे, रोलबॅक करून दाखवता का, आणि रिफ्रेश आल्यावर मोडेम काय करतो, हे समोर बसवून करून घ्या.

आणि जुनं प्रोफाइल लगेच डिलीट करू नका. नव्यावर दोन दिवस सुरळीत गेले की यादी स्वच्छ करायचा मोह होतो, त्यात बंद प्रोफाइलसाठीही काही कंपन्या पैसे लावतात. पण मुंबईत उन्हाळ्यात चाललेलं नेटवर्क पावसाळ्यात त्याच भिंतीमागे चालेलच असं नाही, आणि शेजारची इमारत कधी पडेल ते कोणी सांगून पाडत नाही. आमच्याकडे आता लेखी नियम आहे: एक अख्खा पावसाळा नव्या प्रोफाइलवर काढल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. बिलं बघणारे दर महिन्याला विचारतात, आणि मी त्यांना त्या महिन्यात माघारी फिरलेल्या खोक्यांची यादी दाखवते.